क्रिस्टल सोडायचं की आहेत तेच रिपोर्ट सुधारायचे?

वाचक विचारतात: ताई, आमचं बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर आहे, बरीच वर्षं चालू आहे. त्यात सव्वाशेच्या वर क्रिस्टल रिपोर्ट (डेटाबेसमधला डेटा छापायच्या पानावर मांडणाऱ्या टूलमधले) आहेत, बरेचसे मीच बनवलेले. आता सॉफ्टवेअर नवीन डॉट नेटवर (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंगच्या प्लॅटफॉर्मवर) न्यायचं चाललंय आणि नवीन मॅनेजर म्हणतात, सगळे रिपोर्ट पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट-डॅशबोर्डच्या टूलमध्ये) करून टाका, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. टीममधली नवीन मुलं क्रिस्टलला हात लावत नाहीत. क्लायंटची ओरड आहे की रिपोर्ट स्लो आहेत आणि एक्सेलमध्ये काढले की कॉलम विस्कटतात. मला वाटतं आहेत तेच दुरुस्त करावेत, पण मी तसं बोलले की सगळ्यांना वाटतं हिला नवीन शिकायचं नाहीये. काय करावं? आणि मी स्वतः नवीन टूल शिकायला घेऊ का?

नमस्कार,

तुमच्या पत्रात चार तक्रारी आहेत आणि ऑफिसात त्या चारही "टूल बदलूया" या एकाच वाक्यात कोंबल्या गेल्यात असं मला दिसतंय. रिपोर्ट स्लो आहेत, एक्सेल विस्कटतं, नवीन डॉट नेटवर चालणार नाही, आणि नवीन मुलं हात लावत नाहीत. यातल्या पहिल्या दोन टूलच्या नाहीतच जवळजवळ, तिसरी शंभर टक्के टूलची आहे, आणि चौथी अर्धी अर्धी. म्हणून मी आधी एकेक सोडवते, मग निर्णयाकडे येऊ.

स्लो असण्यापासून सुरू करते कारण क्लायंट त्यावरच भांडतो. तुमचा सगळ्यात रडवणारा रिपोर्ट क्रिस्टलच्या डिझायनरमध्ये उघडा आणि डेटाबेस मेनूत शो एसक्यूएल क्वेरी बघा, म्हणजे रिपोर्ट डेटाबेसकडे नेमकं काय मागतोय ते दिसेल. तुम्ही रिपोर्टला तारखेची अट लावलीये, पण त्या क्वेरीच्या व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळणाऱ्या भागात, ती अट दिसतेय का? बऱ्याचदा दिसत नाही. सिलेक्शन फॉर्म्युल्यात कोणी तारखेचं टेक्स्टमध्ये रूपांतर करून तुलना केलेली असते, किंवा दुसऱ्याच एखाद्या फॉर्म्युल्यावर अट लावलेली असते, आणि क्रिस्टलला त्याचं एसक्यूएल करता येत नाही, मग ते सरळ सगळं टेबल ओढून आणतं आणि स्वतः बसून गाळतं. सुरुवातीला टेबलात थोड्या ओळी होत्या तेव्हा हे कोणाला जाणवलंच नाही, आता लाखांत गेल्या म्हणून जाणवतंय. दुसरा नेहमीचा संशयित म्हणजे डिटेल सेक्शनमधला सबरिपोर्ट, रिपोर्टच्या आत बसवलेला दुसरा रिपोर्ट. मुख्य रिपोर्टच्या प्रत्येक ओळीला तो एकदा चालतो, म्हणजे पाचशे ओळी असल्या तर डेटाबेसवर पाचशे वेगळ्या क्वेऱ्या. हे दोन्ही, टेबलं जोडून डेटाबेसमध्येच तयार ठेवलेल्या एका क्वेरीने, म्हणजे व्ह्यूने किंवा स्टोअर्ड प्रोसिजरने सुटतं, आणि अनेकदा नुसतं तेवढ्यानेच रिपोर्ट मिनिटांवरून सेकंदांवर येतो.

तुम्ही म्हणाल आमचे काही रिपोर्ट तर प्रोग्रॅममधून डेटासेट भरून देतो, तिथे ही क्वेरी दिसत नाही. बरोबर, मग तिथे स्लो असेल तर दोष रिपोर्टचा नाहीच, तुमच्या कोडमधल्या क्वेरीचा आहे, आणि ती क्वेरी कुठलंही टूल आणलं तरी तुमच्याबरोबरच येणार. पण असे रिपोर्ट कुठले आहेत ते आत्ताच वेगळे काढून ठेवा, कारण पुढे कधी टूल बदलायची वेळ आली तर हेच सगळ्यात सोपे जातील, डेटा आधीच बाहेर तयार होतोय, बदलायचा तो फक्त कागद.

आणि हीच खराब क्वेरी पॉवर बीआयमध्ये नेली तर काय होतं तेही सांगते, म्हणजे मॅनेजरांशी बोलताना हाताशी राहील. डेटा इंपोर्ट केला तर रिपोर्ट झटकन उघडेल, खरंच झटकन, आणि डेमोत सगळे खूश होतील. पण तो डेटा शेवटच्या रिफ्रेशच्या वेळचा असतो, आणि प्रो लायसन्सवर दिवसाला ८ शेड्यूल्ड रिफ्रेश मिळतात. आत्ता फाडलेलं बिल आत्ता छापून हवंय अशा माणसाला हे चालणार नाही. मग कोणीतरी म्हणेल डायरेक्ट क्वेरी लावा, म्हणजे डेटा दर वेळी थेट डेटाबेसमधून येईल, ती लावली की पुन्हा तीच संथ क्वेरी तुमच्या डेटाबेसवर, आणि पेजवर जितके व्हिज्युअल तितक्या वेळा. म्हणजे वेग हवा असेल तर क्वेरीचं काम टळत नाही, ते आज करा नाहीतर टूल बदलल्यावर करा.

एक्सेलचं थोडक्यात. क्रिस्टल एक्सपोर्ट करताना पानावरच्या वस्तूंच्या जागा बघून कॉलम ठरवतं, हेडिंग दोन मिलिमीटर डावीकडे आणि खालचा आकडा उजवीकडे असेल तर त्याचे दोन कॉलम होतात. सगळं गाइडलाइनला नीट चिकटवा आणि एक्सपोर्टला एक्सेल डेटा ओन्ली हा पर्याय द्या, बराच फरक पडेल. एसएसआरएस या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग टूलमध्ये गेलात तरी हाच त्रास वेगळ्या रूपात आहे, टेक्स्टबॉक्सच्या कडा एका रेषेत नसतील तर तिथे मर्ज केलेले सेल येतात आणि मग सॉर्ट होत नाही म्हणून परत ओरड. पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. जो क्लायंट रिपोर्ट काढून लगेच एक्सेलमध्ये नेतो त्याला मुळात रिपोर्ट नकोच आहे, त्याला डेटा हवाय. त्याच्यासाठी लोगो, पान नंबर, ग्रुप हेडर हे सगळं अडथळा आहे. क्वेरीमधून सरळ एक्सेल फाइल देणारं एक बटण त्याला द्या. तुमच्या सव्वाशेपैकी बरेच रिपोर्ट असे निघतील अशी मला जवळजवळ खात्री आहे, आणि ते ना सुधारायचे ना दुसऱ्या टूलमध्ये न्यायचे, ते रिपोर्ट म्हणून संपवायचेच.

आता तिसरी तक्रार, जी खरी आहे आणि जी तुम्ही मनातल्या मनात मागे ढकलताय असं मला पत्रावरून वाटलं. क्रिस्टलचं डॉट नेटसाठीचं रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅममध्ये रिपोर्ट चालवणारा भाग, जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कसाठी आहे, डॉट नेट कोअर आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांना त्याचा अधिकृत सपोर्ट नाही. लोक जुगाड करतात, चालतंय असंही सांगतात, पण बिलं छापायच्या कामात मी तो जुगाड कोणालाही सुचवणार नाही. १९९३ मध्ये व्हिज्युअल बेसिकबरोबर आलेलं हे टूल व्हिज्युअल स्टुडिओ २००८ पर्यंत पेटीतच मिळायचं, २०१० पासून वेगळं डाउनलोड करावं लागायला लागलं, म्हणजे मायक्रोसॉफ्टची गाडी आणि क्रिस्टलची गाडी वेगळ्या रुळांवर जाऊन पंधरा वर्षं झाली. हे मान्य करून टाका. मॅनेजर या मुद्द्यावर बरोबर आहेत, आणि तुम्ही हे स्वतःहून आधी बोललात तर तुमच्या बाकीच्या बोलण्याला वजन येईल.

पण यातून "सगळं आत्ताच बदला" हे निघत नाही. मुख्य सॉफ्टवेअर नवीन डॉट नेटवर जाऊ दे आणि रिपोर्ट छापणारा भाग एक वेगळी छोटी सर्व्हिस म्हणून फ्रेमवर्क ४.८ वर ठेवा, नवीन सॉफ्टवेअर तिला रिपोर्टचं नाव आणि पॅरामीटर पाठवेल, ती पीडीएफ परत देईल. फ्रेमवर्क ४.८ चा सपोर्ट विंडोजच्या सपोर्टबरोबर चालतो, त्यामुळे उद्या सकाळी बंद पडेल अशी भीती नाही. हा उपाय कायमचा नाही, पण त्याने दोन प्रोजेक्ट एकमेकांच्या पायात येत नाहीत. सॉफ्टवेअरचं मायग्रेशन आणि सव्वाशे रिपोर्टचं मायग्रेशन एकाच वेळी चालू असेल आणि एखाद्या क्लायंटचा आकडा चुकला तर तो कशामुळे चुकला हे शोधताना तुमचे आठवडे जातील. एका वेळी एकच गोष्ट हलवा.

एकच अट, तुमचा सर्व्हर विंडोजच राहणार असेल तर. लिनक्सवर जायचं ठरलं असेल तर क्रिस्टलची ही सर्व्हिस विंडोजवर वेगळी ठेवावी लागेल. आणि तिथे पर्यायी टूल घेतानासुद्धा डोळे उघडे ठेवा. डॉट नेटमधली चित्रं-अक्षरं काढणारी जुनी लायब्ररी, सिस्टिम डॉट ड्रॉइंग डॉट कॉमन, डॉट नेट ७ पासून फक्त विंडोजवर चालते, आणि कित्येक रिपोर्टिंग कंपोनंट आतून तिच्यावरच उभे होते. ज्यांनी बदल केला त्यांचं चालतं, ज्यांनी नाही केला ते लिनक्सवर एरर देतात. विकणाऱ्याला हा प्रश्न लेखी विचारा, आणि उत्तर आलं तरी तुमचा एक रिपोर्ट तुमच्या सर्व्हरवर छापून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मुलांचं बोलणंही नीट ऐका हं. ती आळशी नाहीयेत. आरपीटी, म्हणजे क्रिस्टलच्या रिपोर्टची फाइल, बायनरी आहे, गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलमध्ये) टाकली तर काय बदललं ते दिसत नाही, दोघांनी एकाच रिपोर्टवर काम केलं तर एकाचं काम पुसलं जातं, आणि फॉर्म्युला कुठल्या सेक्शनच्या कुठल्या सप्रेसच्या (लपवायच्या अटीच्या) मागे लपलाय हे शोधायला फाइलच्या बाहेरून सर्च चालत नाही. ज्या माणसाने कोड रिव्ह्यूच्या जगात काम सुरू केलंय त्याला हे अंधारात चालल्यासारखं वाटणारच. एसएसआरएसची आरडीएल किंवा जॅस्पर या आणखी एका रिपोर्टिंग टूलची जेआरएक्सएमएल या दोन्ही एक्सएमएल, म्हणजे वाचता येणाऱ्या मजकुराच्या, फाइल आहेत, बदल डोळ्याला दिसतो, शोधता येतो. हा खरा फायदा आहे, आणि नवीन रिपोर्टसाठी दुसरं टूल निवडायला एवढं कारण मला पुरतं. फक्त कोणी असं समजू नये की दुसरीकडे गेलो की पुन्हा कधी हलावं लागणार नाही. जॅस्परने २०२४ मध्ये ७ नंबरची आवृत्ती काढली त्यात फाइलचा फॉरमॅटच बदलला, जुने रिपोर्ट कन्व्हर्ट करून घ्यावे लागतात. एसएसआरएस २००४ पासून आहे, पण एसक्यूएल सर्व्हर २०२५ बरोबर त्याची नवीन आवृत्ती आली नाही, २०२२ ची शेवटची, तिला जानेवारी २०३३ पर्यंत सपोर्ट आहे आणि पुढची जागा पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरची. सुदैवाने आरडीएल फाइल तिथे चालतात, म्हणून मी आरडीएलला अजूनही चांगली निवड म्हणते.

आता मॅनेजरांच्या पॉवर बीआयकडे येते. टूल चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, पण "पॉवर बीआय" या एका नावाखाली दोन फार वेगळ्या गोष्टी येतात आणि मीटिंगमध्ये लोक त्या मिसळतात. एक म्हणजे नेहमीचा डॅशबोर्डवाला रिपोर्ट, ज्यात माणूस क्लिक करत फिरतो, या महिन्यात विक्री का पडली, कुठल्या मालाची पडली, असे प्रश्न विचारत जातो. यासाठी ते उत्तम, क्रिस्टलला ते कधीच जमणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पॅजिनेटेड रिपोर्ट, ज्यात बिल, लेजर, स्टेटमेंट, चाळीस पानांची यादी प्रत्येक पानावर हेडरसकट, सगळं ठरल्या जागी छापून येतं. ही आरडीएलच आहे, एसएसआरएसचीच बहीण, आणि ती पॉवर बीआय रिपोर्ट बिल्डर या वेगळ्या फुकट टूलमध्ये बनते. तुमचे बहुतेक रिपोर्ट बिलिंग-स्टॉकचे म्हणजे दुसऱ्या प्रकारचे असणार. ते पहिल्या प्रकारात बसवायला गेलात तर पान कुठे तुटेल यावर ताबा राहत नाही, मोठी टेबलं स्क्रोल होतात पण छापताना जेवढं दिसतंय तेवढंच येतं, आणि व्हिज्युअलमधून डेटा काढायला मर्यादा आहे, सीएसव्हीला ३०,००० ओळी आणि एक्सेलला १,५०,०००. वर्षभराचा स्टॉक लेजर काढणारा क्लायंट पहिल्याच दिवशी फोन करेल.

लायसन्सचाही हिशोब आधी मांडा. प्रो लायसन्सच्या पद्धतीत रिपोर्ट बनवणाऱ्यालाच नाही तर बघणाऱ्यालाही लायसन्स लागतं. तुमचे क्लायंट म्हणजे बाहेरच्या कंपन्यांची माणसं, त्यांना तुमच्या सॉफ्टवेअरच्या आतच रिपोर्ट दाखवायचे तर एम्बेड करण्यासाठी कपॅसिटी, म्हणजे सर्व्हरची ठराविक ताकद, विकत घ्यावी लागते, आणि तो दर महिन्याचा खर्च आहे. आज क्रिस्टलचं रनटाइम तुम्ही सॉफ्टवेअरबरोबर देऊन मोकळे होता. हा फरक कोणी कागदावर मांडला नसेल तर तुम्ही मांडा, कारण हा खर्च शेवटी क्लायंटच्या बिलात जाणार की तुमच्या कंपनीच्या नफ्यातून, हे ठरवणं मॅनेजरांचं काम आहे आणि त्यांना ते आत्ता कळायला हवं.

आता जो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो तो सांगते, कारण निर्णय खरा इथे ठरतो. रिपोर्ट नव्या टूलमध्ये काढणं हे अर्धंसुद्धा काम नाही. नव्याचा आकडा जुन्याशी जुळवणं हे काम आहे. क्रिस्टलमधून आरडीएल करून देणारी कन्व्हर्टर टूल्स मिळतात, ती रेषा, चौकटी, फॉन्ट बऱ्यापैकी आणून देतात, पण फॉर्म्युले हाताने तपासावे लागतात आणि तिथे बारीक बारीक काटे आहेत. क्रिस्टलच्या फॉर्म्युल्यात एखादी किंमत नल, म्हणजे भरलेलीच नसलेली, आली तर नेहमीच्या सेटिंगला अख्खा फॉर्म्युलाच रिकामा येतो, म्हणजे दहा अधिक नल म्हणजे काहीच नाही. एसएसआरएसमध्ये तीच बेरीज दहा येते. कुठल्यातरी जुन्या रिपोर्टमध्ये कोणीतरी रिपोर्ट ऑप्शनमध्ये नलला डिफॉल्ट किंमत द्या असं टिक केलेलं असतं, कुठल्यात नसतं, आणि हे रिपोर्ट बघून कळत नाही. राउंडिंग घ्या. एसक्यूएल सर्व्हरचा राउंड २.५ चे ३ करतो, डॉट नेटचा मॅथ राउंड काही सांगितलं नाही तर २ करतो, कारण तो अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतो, आणि एसएसआरएसच्या एक्सप्रेशनमध्ये हाच वापरला जातो. एका बिलाला पैशांचा फरक, महिन्याच्या बेरजेला रुपयांचा, आणि अकाउंटंट रुपयासाठी सुद्धा रिपोर्ट परत पाठवतो, पाठवायलाच हवा. आणखी एक, एसएसआरएसमधला आयआयएफ, म्हणजे तिथलं अट घालायचं फंक्शन, दोन्ही बाजू मोजतो, त्यामुळे "शून्य असेल तर भागू नको" असं लिहूनही भागाकाराची एरर येते, क्रिस्टलच्या इफमध्ये येत नाही. असे काटे प्रत्येक रिपोर्टमध्ये दोन-चार धरा आणि सव्वाशेने गुणा. ज्याने "एकदाच काय ते होऊन जाऊ दे" म्हटलंय त्याने हा गुणाकार केलेला नाहीये.

म्हणून माझं मत असं आहे, आणि ते मी बऱ्यापैकी ठामपणे सांगतेय. सगळे रिपोर्ट एकदम हलवू नका, आणि सगळे आहेत तसे ठेवूही नका. आधी रिपोर्टमधलं डोकं बाहेर काढा. किंमत कशी मोजायची, कुठल्या ओळी घ्यायच्या, परत आलेला माल वजा करायचा का, हे सगळं क्रिस्टलच्या फॉर्म्युल्यांतून उचलून डेटाबेसच्या व्ह्यू आणि प्रोसिजरमध्ये न्या, रिपोर्टमध्ये उरू दे फक्त मांडणी, ग्रुपिंग, पानाची बेरीज. हे काम क्रिस्टल ठेवलं तरी फायद्याचं आहे कारण वेग येतो, आणि क्रिस्टल सोडलं तरी फायद्याचं आहे कारण नव्या टूलला तयार डेटा मिळतो आणि आकडा जुळवायचं भांडण एकाच जागी, एकदाच होतं. दोन्हीकडे उपयोगी पडणारं काम आधी करायचं, म्हणजे टूलचा निर्णय सहा महिन्यांनी घेतला तरी मधले महिने वाया जात नाहीत. काही फॉर्म्युले निघणार नाहीत, पान छापताना मोजणारे व्हाइल प्रिंटिंग रेकॉर्ड्सवाले, सबरिपोर्टमधून शेअर्ड व्हेरिएबलने आकडा बाहेर आणणारे, त्यातले बरेच एसक्यूएलच्या विंडो फंक्शनने (आजूबाजूच्या ओळी धरून आकडा काढणाऱ्या) सुटतात, जे नाही सुटत त्यांची यादी करा, तीच तुमच्या मायग्रेशनची खरी अवघड यादी.

त्याच्या बरोबरीने कुठला रिपोर्ट कोण वापरतंय ते मोजायला लावा. तुमच्याकडे रिपोर्ट सॉफ्टवेअरमधूनच उघडतात, तेव्हा रिपोर्ट उघडणाऱ्या फंक्शनमध्ये एक ओळ टाका, नाव, युजर, वेळ, पॅरामीटर एका टेबलात जाऊ दे. आजच टाका, कारण हा डेटा मागे जाऊन मिळत नाही. एक सावधगिरी मात्र. दोन महिन्यांत कोणी उघडला नाही म्हणून रिपोर्ट मेला असं धरू नका, वर्षअखेरचे आणि ऑडिटचे रिपोर्ट वर्षातून एकदाच उघडतात आणि तेव्हा ते नसले तर आभाळ कोसळतं. एसएसआरएसवाल्यांची यात हमखास फसगत होते, तिथे वापराचा लॉग आपोआप मिळतो पण मुळात तो ६० दिवसांचाच ठेवलेला असतो. तुम्हाला वर्षभर थांबणं शक्य नाही, तर जे वापरलेले दिसत नाहीत त्यांच्याबद्दल अकाउंट्सच्या माणसाला एकेक नाव घेऊन विचारा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

एवढं झालं की सव्वाशेचे गट आपोआप पडतात. काही बंद, काही नुसतं एक्सेलचं बटण, काही एकमेकांच्या कॉप्या ज्यात फक्त एक कॉलम वेगळा आहे आणि पॅरामीटर दिला की एकच पुरतो. मालकांना बघायचे, तुलना करायचे जे आहेत ते खुशाल पॉवर बीआयच्या डॅशबोर्डवर न्या, तिथे मॅनेजरांचा आग्रह योग्य आहे आणि क्लायंटलाही आवडेल. उरलेले छापायचे रिपोर्ट क्रिस्टलच्या त्या वेगळ्या सर्व्हिसवर चालू राहू देत, आणि नियम करा की नवीन रिपोर्ट क्रिस्टलमध्ये बनणार नाही, आरडीएलमध्येच बनेल, आणि जुन्यात मोठा बदल मागितला गेला की त्याच वेळी तोही आरडीएलमध्ये जाईल. बिलाचा फॉर्म, बारकोडचं लेबल, आधी छापलेल्या कागदावर बसवायचे फॉर्म हे सगळ्यात शेवटी हलवा, तिथे मिलिमीटरचा प्रश्न असतो आणि प्रिंटर प्रत्येक क्लायंटकडे वेगळा.

हे मॅनेजरांपुढे कसं मांडायचं, कारण तुम्हाला खरी भीती त्याचीच आहे ना. "बदलू नका" असं म्हणत जाऊ नका, कारण ते वाक्य विरोध म्हणूनच ऐकू येतं, मागे कितीही खरं कारण असू दे. एक चाचणी मागा. एकच रिपोर्ट, पण सोपा नाही, तुमच्याकडचा सगळ्यात किचकट, सबरिपोर्टवाला, ज्यावर अकाउंटंटची नजर असते. डेमो देणारे नेहमी सोपा रिपोर्ट निवडतात आणि दोन दिवसांत सुंदर करून दाखवतात, मग त्या दोन दिवसांना सव्वाशेने गुणून कोणीतरी तारीख देतो आणि तिथून सगळं बिघडतं. किचकट रिपोर्ट घ्या, तो पॉवर बीआयच्या पॅजिनेटेडमध्ये नवीन मुलांपैकी एकाला बनवू द्या, तुम्ही त्याच्या शेजारी बसा, आणि जुना-नवा दोन्ही एका महिनाअखेरीला समोरासमोर चालवा. बनवायला किती तास, जुळवायला किती तास, असे दोन वेगळे आकडे लिहून ठेवा. दुसरा आकडा बघितल्यावर बोलणं आपोआप जमिनीवर येतं, आणि कदाचित तो तुमच्या अंदाजापेक्षा लहान निघाला तर तुम्हीही तुमचं मत बदला, मोकळ्या मनाने.

जुळवताना नवा आकडा जुन्यापेक्षा वेगळा आला म्हणजे नवा चुकला असं धरू नका. कधीकधी जुनाच वर्षानुवर्षं चुकत असतो. तसं निघालं तर गुपचूप जुन्यासारखं करून टाकायचा मोह होतो, कारण प्रश्न नकोत. तो टाळा, क्लायंटला लेखी कळवा, त्यांनी त्या आकड्यावर निर्णय घेतलेले असतात.

आणि तुमचं स्वतःचं. शिका, जरूर शिका, उद्यापासून. मीटिंगमधले लोक काय म्हणतात त्यासाठी नाही, तर आरडीएल आणि पॉवर बीआय दोन्ही येत असलेली व्यक्ती जेव्हा म्हणते की हा रिपोर्ट तिकडे जाणार नाही तेव्हा लोक ऐकतात, आणि फक्त क्रिस्टल येणारी म्हणते तेव्हा ऐकत नाहीत. हे अन्यायाचं आहे पण असंच आहे. रिपोर्ट बिल्डरपासून सुरू करा, क्रिस्टल येणाऱ्याला ते लवकर हाताला बसतं, ग्रुप, पॅरामीटर, एक्सप्रेशन, सगळं ओळखीचं वाटेल. मग विंडो फंक्शन्स पक्की करा. डॅक्सला, म्हणजे पॉवर बीआयच्या फॉर्म्युल्यांच्या भाषेला, वेळ लागतो, तिथे फिल्टर कॉन्टेक्स्ट (आकडा कुठल्या ओळी धरून निघतोय ते) समजेपर्यंत सगळं उलटं वाटतं, घाई करू नका. पण तुमच्याकडे जे आहे ते कुठल्याही टूलच्या कोर्समध्ये मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. अमुक रिपोर्टमध्ये परतीचा माल दुसऱ्या महिन्यात का धरलाय, तमुक क्लायंटसाठी एक कॉलम का लपवलाय, हे आज फक्त तुमच्या डोक्यात आहे. रिपोर्ट उघडाल तेव्हा प्रत्येक अवघड फॉर्म्युल्याशेजारी दोन ओळी मराठीत लिहून ठेवा, का आहे आणि कोणी मागितला होता, आणि त्या नवीन मुलाला वाचायला द्या, त्याला कळलं नाही तर पुन्हा लिहा. टीममध्ये दुसऱ्या कोणाला तरी हे रिपोर्ट समजायला लागले की तुम्हालाही सुट्टी घेता येईल, पत्रात तुम्ही ते लिहिलं नव्हतं पण सव्वाशे रिपोर्ट एकटीने सांभाळणाऱ्या बाईला सुट्टी मिळत नसणार हे मला दिसतंय.

चाचणीसाठी कुठला रिपोर्ट निवडलात ते कळवा. त्याची शो एसक्यूएल क्वेरी आणि सबरिपोर्ट किती आहेत एवढं लिहून पाठवलंत, क्लायंटची नावं काढून, तर तो एका व्ह्यूमध्ये कसा आणायचा ते आपण पुढच्या वेळी इथेच बघू.